‘मी’ आणि ‘आम्ही’ : एका ख्रिस्ती भजनाची वाटचाल

(सांस्कृतिक आघाडीवरील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



‘हम होंगे कामयाब’ हे गीत ठाऊक नाही असा माणूस या देशात सापडणे कठीण. शाळेच्या प्रार्थनेत ते म्हटले जाते, सरकारी समारंभात म्हटले जाते आणि संपाच्या मंडपातही म्हटले जाते. मंत्र्यांच्या स्वागताला तेच आणि मंत्र्यांच्या निषेधालाही तेच! ज्या गीतावर राज्यकर्ते आणि त्यांच्याविरुद्ध लढणारे असे दोघेही हक्क सांगतात, ते गीत मुळात कोणाचे, ते कोणाच्या हातून कसकसे बदलत गेले आणि प्रत्येक बदल कोणाच्या गरजेपोटी झाला, याची चौकशी सांस्कृतिक कार्यकर्त्यांनी करणे अगत्याचे आहे.

हे हिंदी गीत ‘वुई शॅल ओव्हरकम’ या इंग्रजी गीताचे रूपांतर आहे, एवढे बहुतेकांना माहीत असते. परंतु त्या इंग्रजी गीताच्या मुळाशी अमेरिकेतील काळ्या जनतेच्या चर्चमध्ये गायले जाणारे एक ख्रिस्ती भजन आहे, आणि त्या भजनाचे लढ्याच्या गीतात रूपांतर करण्यात तंबाखूच्या कारखान्यातील संपकरी स्त्रियांचा फार मोठा वाटा आहे, हे फारच थोड्यांना माहीत असते. ही माहिती केवळ रंजक नाही. धर्माच्या भाषेत बोलणाऱ्या कष्टकरी जनतेशी कम्युनिस्टांनी कोणत्या रीतीने नाते जोडावे, हा प्रश्न तिच्यात गुंतलेला आहे.

एंगेल्सचे एक निरीक्षण

या प्रश्नावर एंगेल्सचे एक निरीक्षण महत्त्वाचे आहे. १५ मे १८८५ रोजी हर्मान श्ल्यूटर या जर्मन समाजवाद्याला लिहिलेल्या पत्रात एंगेल्सने जुन्या क्रांतिकारक गीतांचा विचार केला आहे. सोळाव्या शतकातील जर्मन शेतकऱ्यांच्या युद्धात मार्टिन ल्यूथरच्या प्रसिद्ध स्तोत्राने मार्सेलेझचे काम केले, असे तो म्हणतो. परंतु त्याच पत्रात तो असेही नोंदवतो की मार्सेलेझचा अपवाद सोडला तर गतकाळातील क्रांत्यांची गीते पुढच्या काळात क्रांतिकारक परिणाम क्वचितच करतात. कारण जनसमूहाच्या मनाला भिडण्यासाठी त्या गीतांना त्या काळच्या जनसमूहाचे पूर्वग्रहही पोटात घ्यावे लागतात. इंग्लंडच्या चार्टिस्टांच्या गीतांतही धार्मिक भाषा आढळते ती याच कारणाने.

हे निरीक्षण अचूक आहे. मग एक अडचण उभी राहते. १९०१ सालच्या एका भजनातून निघालेले गीत १९४५ मध्ये संपात, १९६० मध्ये विद्यार्थ्यांच्या उठावात आणि त्यानंतर कित्येक देशांतील चळवळींत परिणामकारक कसे ठरले? एंगेल्सच्या नियमाला ते अपवाद आहे काय? अपवाद नाही. ते टिकले, कारण ते जसेच्या तसे टिकले नाही. प्रत्येक पिढीने, प्रत्येक लढ्याने त्यात हात घातला, गाळले, घातले, लय बदलली, सर्वनाम बदलले. या बदलांचा इतिहास हाच त्या गीताचा खरा इतिहास होय.

बिगाऱ्याने रचलेले भजन

चार्ल्स आल्बर्ट टिंडली यांचा जन्म १८५१ मध्ये अमेरिकेच्या मेरीलँड राज्यात झाला. वडील गुलाम, आई मात्र स्वतंत्र. त्यामुळे टिंडली कायद्याने गुलाम ठरले नाहीत, पण बालपण परक्यांच्या दारी राबण्यातच गेले. शाळा मिळाली नाही. अक्षरे त्यांनी स्वतःच गिरवली. यादवी युद्धानंतर ते फिलाडेल्फियाला आले आणि बांधकामावर विटा व चुना वाहू लागले. ज्या चर्चची ते झाडलोट करीत, त्याच चर्चचे पुढे, १९०२ मध्ये, ते पाळक झाले. त्यांच्या मंडळीत हजारो लोक जमा झाले. त्यांतील बरेचसे दक्षिणेतून पोट भरण्यासाठी आलेले काळे कष्टकरी होते.

टिंडली यांनी १९०१ मध्ये ‘आय्‌ल ओव्हरकम सम डे’ हे भजन प्रसिद्ध केले. पौलाने गलतीकरांस लिहिलेल्या पत्रातील एका वचनाचा त्याला आधार आहे. जग हे रणांगण, भक्त हा एकटा योद्धा, मोह आणि संकटे हे शत्रू, आणि ख्रिस्ताच्या साहाय्याने एक ना एक दिवस ‘मी’ यांतून पार होईन, असा त्याचा भाव. यात मालक नाही, मजुरी नाही, फाशी देणारा गोरा जमावही नाही. वरवर पाहता हे पूर्णतः वैयक्तिक मुक्तीचे गीत आहे.

परंतु हे भजन कोण गात होते, हे विसरून चालणार नाही. गुलामगिरी कायद्याने संपून छत्तीस वर्षे झाली होती. दक्षिणेत काळ्यांचा मताधिकार एकेका राज्यात हिरावून घेतला जात होता. झाडाला टांगून मारण्याचे प्रकार राजरोस चालत होते. अशा लोकांनी एकत्र जमून ‘मी पार होईन’ असे म्हणणे हा निव्वळ परलोकाचा ध्यास नव्हता. धर्म ही अफू आहे हे मार्क्सचे १८४४ सालचे वाक्य सर्वतोमुखी झाले आहे. पण त्याच परिच्छेदात धर्म हा खऱ्याखुऱ्या दुःखाचा आविष्कार आहे आणि त्या दुःखाविरुद्धचा निषेधही आहे, असे मार्क्सने म्हटले आहे, त्याकडे सोयीस्कर दुर्लक्ष होते. टिंडली यांच्या भजनात हे दोन्ही एकत्र नांदत होते.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. आज जी चाल जगभर गायली जाते ती टिंडली यांच्या भजनाची नव्हे. ती चाल दुसऱ्या घराण्यातून आली. ‘आय्‌ल बी ऑल राइट’ हे काळ्यांच्या चर्चमधील गीत तिच्या सर्वांत जवळचे आहे. ‘नो मोअर ऑक्शन ब्लॉक’ या गुलामांच्या गीताशीही तिचे नाते आहे. माणसांचा लिलाव ज्या चौथऱ्यावर होत असे, तो चौथरा आता पुन्हा नशिबी नाही, असे सांगणारे ते गीत. युरोपातील ‘ओ सांक्तिस्सिमा’ या जुन्या कॅथलिक स्तोत्राशीही तिच्या सुरुवातीचे साम्य अभ्यासकांनी दाखवले आहे. तात्पर्य, शब्द एकीकडचे, सूर दुसरीकडचा, आणि दोहोंची गाठ घातली ती गाणाऱ्यांनी. जनतेच्या गीताला एकच जनक शोधणे ही खाजगी मालमत्तेच्या समाजाची सवय आहे.

खाणीत आणि तंबाखूच्या कारखान्यात

फेब्रुवारी १९०९ मध्ये ‘युनायटेड माइन वर्कर्स’ या खाणकामगार युनियनच्या मुखपत्रात एक पत्र छापले गेले. आदल्या वर्षीच्या संपात सभांची सुरुवात प्रार्थनेने आणि ‘वुई विल ओव्हरकम’ या जुन्या गीताने होत असे, असा त्यात उल्लेख आहे. येथे ‘मी’ नाही, ‘आम्ही’ आहे. म्हणजे चर्चच्या भिंती ओलांडून गीत कामगारांच्या सभेत शिरले होते आणि शिरताना त्याने सर्वनाम बदलले होते.

परंतु ज्या लढ्यामुळे हे गीत पुढे सर्वदूर पोचले, तो लढा साउथ कॅरोलायना राज्यातील चार्ल्सटन शहरात झाला. अमेरिकन टोबॅको कंपनीचा तेथे सिगारचा कारखाना होता. कामाची वाटणी वर्णाप्रमाणे असे. धुळीचे, जड आणि कमी मजुरीचे काम काळ्या स्त्रियांकडे. निपाणीच्या वखारींत तंबाखूच्या धुळीत ज्यांनी आयुष्य काढले, त्या भगिनींना या कामाचे वर्णन सांगण्याची गरज नाही. ऑक्टोबर १९४५ मध्ये सुमारे एक हजार कामगार संपावर गेले. त्यांत काळ्या स्त्रियांची बहुसंख्या होती. मजुरीत तासाला २५ सेंटची वाढ आणि वर्णभेदाला बंदी या त्यांच्या प्रमुख मागण्या होत्या. त्यांची युनियन अन्न, तंबाखू आणि शेतीमालाच्या उद्योगांत काम करणारी, डाव्या नेतृत्वाची युनियन होती. सीआयओ या कामगार महासंघाने १९५० मध्ये कम्युनिस्ट प्रभावाचा ठपका ठेवून तिला बाहेर घालवले.

संप पाच महिने चालला. हिवाळ्याचा पाऊस आणि गारठा अंगावर घेत स्त्रिया फाटकावर पिकेटिंग करीत. दिवसाचे पिकेटिंग संपून घरी परतण्याच्या वेळी ल्यूसिल सिमन्स ही कामगार स्त्री चर्चमध्ये शिकलेले हे गीत अतिशय संथ लयीत सुरू करी आणि बाकीच्या स्त्रिया तिला साथ देत. तिने ‘आय’च्या जागी ‘वुई’ आणला. हक्क मिळवण्याचे, मजुरीचा लढा जिंकण्याचे नवे शब्द कडव्यांत आले. ख्रिस्ताच्या साहाय्याची जागा एकमेकींच्या साहाय्याने घेतली, पण चर्चचा सूर, चर्चची संथ लय, एकीने सुरुवात करायची आणि सर्वांनी उचलून धरायची ही रीत, हे सर्व कायम राहिले. अखेर १९४६ च्या वसंतात तडजोड झाली. वाढ मिळाली, पण मागितली तेवढी मिळाली नाही. संपाने जे मिळवले ते मर्यादित होते. संपातून जे गीत बाहेर पडले, त्याला मात्र मर्यादा राहिली नाही.

या बदलात एक धडा आहे. या स्त्रियांना कोणी धर्माची चिकित्सा शिकवून मग संपावर नेले नाही. त्या देवभोळ्याच संपावर गेल्या. लढ्याच्या अनुभवाने त्यांनी आपल्या भक्तिगीतातील कर्ता बदलला. माणसाची जाणीव व्यवहारातून बदलते, हे मार्क्सवादाचे सूत्र या एका सर्वनामात दिसते.

हायलँडर शाळा

टेनेसी राज्यातील मॉन्टीगल येथे मायल्स हॉर्टन आणि डॉन वेस्ट यांनी १९३२ मध्ये ‘हायलँडर फोक स्कूल’ स्थापन केले होते. काळ्या आणि गोऱ्या कामगारांनी एकाच टेबलाशी बसून जेवावे आणि शिकावे, ही गोष्ट दक्षिणेत गुन्हा समजली जात असताना तेथे ती घडत होती. चार्ल्सटनच्या संपातील कामगार १९४६ मध्ये तेथील शिबिराला आले. शाळेचे संगीत पाहणाऱ्या झिल्फिया हॉर्टन यांनी हे गीत त्यांच्याकडून शिकून घेतले आणि शिबिराला येणाऱ्या प्रत्येक तुकडीला शिकवले. १९४७ मध्ये गायक पीट सीगर यांनी ते त्यांच्याकडून घेतले आणि १९४८ मध्ये ते ‘पीपल्स साँग्ज’ या पत्रिकेत छापले गेले.

येथे आणखी बदल झाले. ‘विल’चे ‘शॅल’ झाले. उघड्या स्वरामुळे गाणाऱ्याचे तोंड अधिक मोकळे होते, असे सीगर सांगत. हातात हात घालून चालण्याचे कडवे जोडले गेले. १९५६ मध्ये झिल्फिया हॉर्टन मरण पावल्या. १९५९ पासून गाय कॅरावान हे शाळेत संगीताचे काम पाहू लागले.

सत्ताधाऱ्यांना हायलँडरमधील गाण्यांचे महत्त्व लवकर कळले. १९५७ मध्ये शाळेच्या पंचविसाव्या वर्धापनदिनाला मार्टिन ल्यूथर किंग आले होते आणि सीगर यांनी तेथे हे गीत गायले. जॉर्जिया राज्याच्या सरकारने त्या समारंभात एक छायाचित्रकार गुपचूप घुसवला. पुढे ते छायाचित्र दक्षिणेतील रस्त्यांवर मोठ्या फलकांवर झळकले. किंग कम्युनिस्ट प्रशिक्षण शाळेत गेले होते, असा त्यावर मजकूर होता! जुलै १९५९ मध्ये पोलिसांनी शाळेवर धाड घातली. दिवे मालवलेल्या अंधारात शिबिरार्थींना बसवून ठेवले असताना त्यांच्यातल्या मुलामुलींनी हे गीत म्हणायला सुरुवात केली आणि तेथल्या तेथे आपल्याला भय वाटत नाही असे सांगणारे नवे कडवे रचून त्यात घातले. हे कडवे कोणा कवीने टेबलाशी बसून लिहिलेले नाही. बंदुका घेतलेल्या माणसांसमोर ते जन्मले. १९६१ मध्ये राज्याने शाळेची मालमत्ता लिलावात काढली. शाळा दुसऱ्या नावाने दुसरीकडे उभी राहिली.

एप्रिल १९६० मध्ये नॉर्थ कॅरोलायनातील रॅली येथे विद्यार्थ्यांची परिषद भरली. गोऱ्यांसाठी राखलेल्या उपाहारगृहांत बसकण मारून मार खाल्लेले हे तरुण होते. तेथे ‘स्निक’ या संक्षिप्त नावाने ओळखली जाणारी विद्यार्थी संघटना स्थापन झाली. कॅरावान यांनी तेथे गीत सुरू केले तेव्हा विद्यार्थी उठून उभे राहिले आणि त्यांनी हात एकमेकांत गुंफले. तेव्हापासून ते या लढ्याचे गीत झाले. २८ ऑगस्ट १९६३ रोजी वॉशिंग्टनच्या विराट मोर्चात जोन बाएझ यांनी ते म्हटले. १९६८ मध्ये उत्तर आयर्लंडच्या नागरी हक्कांच्या मोर्चांत ते ऐकू आले.

सर्वनामाचा वाद

‘मी’ मागासलेला आणि ‘आम्ही’ पुढारलेला, असा निष्कर्ष येथवरच्या हकीकतीवरून कोणी काढील. तो घाईचा ठरेल. जॉर्जियातील ऑल्बनी शहराच्या १९६१-६२ च्या लढ्यातून पुढे आलेल्या गायिका आणि इतिहासकार बर्नीस जॉन्सन रेगन यांनी या मुद्द्यावर महत्त्वाचा आक्षेप घेतला होता. काळ्यांच्या चर्चमध्ये जेव्हा सगळे मिळून ‘मी’ म्हणतात, तेव्हा तो एकट्याचा ‘मी’ नसतो. पाच माणसांनी पाच वेळा ‘मी’ म्हटले की तेथे गट आहे हे सिद्ध होते, आणि त्या गटात कोणीही दुसऱ्याच्या आड लपलेला नसतो. ‘आम्ही’ म्हणणारा मात्र बाकीचे करतील अशा समजुतीने स्वतः मागे राहू शकतो. ‘आम्ही’चा आग्रह गोऱ्यांच्या वर्चस्वाखालील डाव्या मंडळींच्या कल्पनेतून आला, असे त्यांचे म्हणणे होते. चार्ल्सटनच्या स्त्रियांनी हा बदल लढ्यातच केला होता हे खरे, तरीही या टीकेतील सत्य स्वीकारले पाहिजे. दिंडीत चालणारे वारकरी एकमुखाने ‘मी’ म्हणणारे अभंग गातात, तेव्हा तो ‘मी’ एकट्याचा राहत नाही, हे मराठी माणसाला समजावून द्यावे लागत नाही.

हा आक्षेप आजच्या संघटनेलाही लागू पडतो. ठरावात ‘आम्ही’ लिहिणे सोपे असते. पिकेटिंगला पहाटे कोण येणार, वर्गणी गोळा करायला कोण जाणार, असे विचारले की ‘आम्ही’ पातळ होतो. जेथे प्रत्येकाचा ‘मी’ उभा आहे तेथेच ‘आम्ही’ खरा असतो.

गीताच्या उपयोगाविषयीही शंका घेतल्या गेल्या. माल्कम एक्स यांनी १९६४ मध्ये असे ठणकावले की गाणी पुष्कळ झाली, आता प्रतिकाराचे बघा. गीत हे लढ्याला पर्याय झाले की त्याची अफू होते, मग त्यात देवाचे नाव असो वा नसो. ही सूचना निधर्मी गीतांनाही तितकीच लागू आहे.

राष्ट्राध्यक्षांच्या तोंडी

७ मार्च १९६५ रोजी अलाबामातील सेल्मा येथे मताधिकारासाठी निघालेल्या मोर्चावर घोडेस्वार पोलिसांनी लाठ्या आणि अश्रुधूर चालवला. १५ मार्चला राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी काँग्रेसच्या संयुक्त बैठकीत मताधिकार कायद्याची घोषणा केली आणि त्या भाषणात या गीताचे नावच उच्चारले. ६ ऑगस्टला कायदा झाला. तो विजय होता, आणि सेल्माच्या रक्ताने मिळवलेला विजय होता; त्याला कमी लेखण्याचे कारण नाही.

परंतु ८ मार्च १९६५ रोजी, म्हणजे सेल्मा आणि ते भाषण यांच्या मधल्या त्याच आठवड्यात, याच राष्ट्राध्यक्षांच्या आज्ञेने ३,५०० अमेरिकन मरीन सैनिक व्हिएतनाममधील दा नांगच्या किनाऱ्यावर उतरले होते. ओठांवर पीडितांचे गीत आणि पायाखाली दुसऱ्या देशातील पीडितांची भूमी! सत्ताधारी वर्ग लोकांचे गीत नेहमीच बंदी घालून मारतो असे नाही. पुष्कळदा ते तो स्वतःच गाऊ लागतो. त्यासाठी शब्द बदलावे लागत नाहीत. ‘आम्ही’ या शब्दात स्वतःला घुसवले की पुरते. मालक आणि मजूर, फटका मारणारा आणि फटका खाणारा, दोघेही एकाच ‘आम्ही’त शिरले की कोणावर मात करायची हा प्रश्नच उरत नाही. मिळालेला कायदाही कायमचा नसतो: २५ जून २०१३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मताधिकार कायद्याचा कणाच मोडला.

कम्युनिस्टांनी स्वतःला या नियमाबाहेर समजू नये. १९८९ मध्ये प्रागच्या चौकांत या गीताचे चेक रूपांतर गायले गेले, तेव्हा समोर सत्तेवर कम्युनिस्ट पक्ष होता. ज्या पक्षाच्या कारभारात कष्टकऱ्यांना आपला ‘आम्ही’ दिसेनासा होतो, त्याच्याविरुद्धही हे गीत उभे राहू शकते. हा धडा कटू आहे, पण तो टाळणे हा मार्क्सवाद नव्हे.

भारतातील दोन वाटा

भारतात हे गीत दोन वाटांनी आले. बंगालमध्ये इप्टाच्या परंपरेतील कवी-गायक हेमांग विश्वास यांनी ‘आमरा कोरबो जय’ हे रूपांतर केले. शिबदास बंद्योपाध्याय यांचे दुसरे बंगाली रूपांतर रुमा गुहाठाकुरता यांच्या कलकत्ता यूथ क्वायरने घरोघर पोचवले. पीट सीगर स्वतः १९६३ मध्ये जगप्रवासात भारतात आले होते. बंगालमध्ये गीत चळवळीच्या अंगणातून आले आणि बराच काळ तेथेच राहिले.

हिंदी रूपांतर गिरिजाकुमार माथुर यांचे. ‘तार सप्तक’मधील ते मान्यवर कवी, आणि आकाशवाणी व दूरदर्शन यांच्या सेवेत त्यांची हयात गेली. रूपांतर रसाळ आहे, सोपे आहे, म्हणूनच ते देशभर रुजले. मात्र मूळ इंग्रजी क्रियापदात एखाद्या अडथळ्यावर, एखाद्या विरोधकावर मात करण्याचा अर्थ आहे. बंगाली ‘जय’मध्येही समोर कोणीतरी असतो. ‘कामयाब’ या शब्दात तो ‘कोणीतरी’ नाहीसा होतो. परीक्षेत कामयाब होता येते, नोकरीत होता येते, धंद्यातही होता येते. हा कवीचा दोष नव्हे. पण सरकारी प्रसारमाध्यमांनी आणि शाळांनी हे गीत इतक्या सहजपणे का उचलले, याचे एक कारण येथे सापडते.

तरीही गीत पूर्णतः बोथट झाले नाही. १९८३ मध्ये कुंदन शाह यांच्या ‘जाने भी दो यारो’ या चित्रपटाने ते मुंबईच्या रस्त्यावर आणले. बिल्डर, अधिकारी आणि वृत्तपत्राची संपादिका यांची अभद्र युती उघडकीस आणू पाहणारे दोन प्रामाणिक छायाचित्रकार शेवटी स्वतःच कैद्यांच्या कपड्यांत दिसतात, आणि पार्श्वभूमीवर हेच गीत वाजत असते. याच मुंबईत १८ जानेवारी १९८२ पासून सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर होते. पुढे त्याच गिरण्यांच्या जमिनींवर मनोरे उभे राहिले. शाळेतील गोड समूहगीताला त्या चित्रपटाने त्याचा हरवलेला विरोधक परत मिळवून दिला. शब्द एकही बदलला नाही. फक्त ते कोणाच्या पाठीवर वाजते आहे, हे दाखवले.

गीताची मालकी

भांडवली समाजात प्रत्येक वस्तूला मालक लागतो. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला या गीताचा कॉपीराइट सीगर, कॅरावान, फ्रँक हॅमिल्टन आणि दिवंगत झिल्फिया हॉर्टन यांच्या नावाने नोंदवला गेला. व्यापारी कंपन्यांनी गीताचा बाजार मांडू नये हा त्यामागील हेतू होता आणि मिळणारे उत्पन्न हायलँडरमधील एका निधीतून दक्षिणेतील काळ्या जनतेच्या सांस्कृतिक व संघटनात्मक कामाला दिले जात असे. हेतू चांगला होता. परंतु त्या नोंदीत ल्यूसिल सिमन्सचे नाव नव्हते, टिंडलींचे नव्हते, आणि अंधारात नवे कडवे रचणाऱ्या मुलांचेही नव्हते. जनतेने सामूहिकरीत्या निर्माण केलेल्या वस्तूला खाजगी मालमत्तेचा कायदा लावला की निर्मातेच यादीतून गळतात, मग कायदा लावणारे कितीही सज्जन असोत.

२०१६ मध्ये या कॉपीराइटला न्यायालयात आव्हान मिळाले. सप्टेंबर २०१७ मध्ये न्यायालयाने असा निर्णय दिला की ‘विल’चे ‘शॅल’ करण्यासारखे बदल पहिल्या कडव्यावर मालकी सांगण्याइतके नवे नाहीत. जानेवारी २०१८ मध्ये तडजोड होऊन गीत सार्वजनिक मालकीचे झाले. त्यानंतर सव्वा वर्षाने, २९ मार्च २०१९ रोजी, हायलँडरचे मुख्य कार्यालय आगीत भस्मसात झाले आणि शेजारी गोऱ्या वर्णवर्चस्ववाद्यांचे चिन्ह रंगवलेले आढळले. कागदावर गीत मोकळे झाले. ज्यांच्याविरुद्ध ते रचले गेले होते, ते मात्र अजून मैदानात आहेत.

सांस्कृतिक कार्यकर्त्यांचे काम

या सर्व इतिहासातून तीन गोष्टी निघतात.

पहिली, कष्टकरी जनतेच्या धार्मिक गीतांकडे तुच्छतेने पाहणे हे अज्ञान आहे. महाराष्ट्रातील चळवळीला हे नवे नाही. १९४४ मध्ये उभ्या राहिलेल्या लाल बावटा कलापथकात अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकर यांनी तमाशाचा साचा टाकून दिला नाही. अण्णाभाऊंनी गणातील देवाच्या जागी मायभूमीला आणले आणि त्या साच्यात कामगारांचे जीवन भरले. चार्ल्सटनच्या स्त्रियांनी चर्चच्या सुरात जे केले, ते त्यांच्या आधी वर्षभर परळ-लालबागच्या मैदानात सुरू झाले होते. एकमेकांची नावेही ठाऊक नसलेल्या दोन देशांतील कामगारांनी एकच पद्धत शोधून काढली, कारण दोघांची गरज एकच होती.

दुसरी, जुन्या रूपाची नुसती पूजा करणे हेही काम नव्हे. भजन जसेच्या तसे उचलले तर एंगेल्सने सांगितल्याप्रमाणे त्याचे पूर्वग्रहही बरोबर येतात. बदल केला पाहिजे. पण तो कार्यालयात बसून जनतेच्या वतीने केलेला नसावा. फाटकावर, मोर्चात, धाडीच्या रात्री गाणाऱ्यांनी केलेला बदलच टिकतो. कार्यकर्त्याचे काम झिल्फिया हॉर्टन यांनी केले ते आहे: कामगारांकडून गीत ऐकणे, ते नीट शिकणे आणि पुढच्या तुकडीच्या हाती देणे.

तिसरी, सत्ताधारी वर्ग गीत पळवतो तेव्हा त्याचा त्याग करून ते त्यालाच देऊन टाकू नये. ‘हम होंगे कामयाब’ शाळेत म्हटले जाते म्हणून ते संपाच्या मंडपातून हद्दपार करण्याचे कारण नाही. मात्र म्हणताना त्यात मागणी घातली पाहिजे. कशासाठी, कोणाविरुद्ध आणि केव्हा, हे सांगणारे एक तरी कडवे त्या ठिकाणच्या कामगारांनी स्वतः जोडले पाहिजे. बिडी कामगारांचे कडवे वेगळे असेल, अंगणवाडी सेविकांचे वेगळे, ऊसतोड मजुरांचे वेगळे. ज्या दिवशी या गीतात नवे कडवे घालणे थांबेल, त्या दिवशी ते पुन्हा भजन होईल. आणि मग त्यात देव नसला तरी त्याचा उपयोग केवळ मन शांत करण्यापुरताच उरेल.

चार्ल्सटनच्या स्त्रिया पावसात भिजून घरी परतण्यापूर्वी हे गीत गात. दुसऱ्या दिवशी पहाटे फाटकावर परत यायचे आहे, याची ती एकमेकींना दिलेली कबुली होती. गीताची कसोटी तीच आहे: ते म्हणून झाल्यावर दुसऱ्या दिवशी फाटकावर किती माणसे येतात?